अट घालून दिलेलें दान

व्यापारी माणसानें स्वतःच्या पदरचा पैसा खर्चून एखादी वस्तु तयार करावी, आणि मग ती लोकांस नुसती वापरावयासच नव्हे, तर उघडून पाहावयास, सुधारावयास आणि पुढें वाटावयासहि मोकळी करून द्यावी, हें कोणाहि व्यवहारी गृहस्थास प्रथमदर्शनीं खुळेपणाचें वाटेल. त्यांत पुन्हां घेणाऱ्यावर अशी अट घालावी कीं, तूं यांत जी भर घालून पुढें देशील ती तुलाहि अशीच मोकळी ठेवावी लागेल. म्हणजे तर दुसरा व्यापारी त्या वस्तूच्या वाऱ्यालाहि उभा राहणार नाहीं, असें वाटणें साहजिक आहे. संगणकाच्या जगांत गेलीं चाळीस वर्षें हाच वाद चालला आहे. या अटीला इंग्रजींत कॉपीलेफ्ट असें चमत्कारिक नांव आहे. तिच्यामुळें कंपन्या दूर पळतात कीं जवळ येतात, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय. मी संगणकशास्त्राचा पंडित नाहीं; येडशीसारख्या गांवीं मुलांना बाराखडी शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा मॅट्रिक झालेला शिक्षक आहें. परंतु या वादाचा एक धागा माझ्या स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोंचला, आणि त्याच्या मागोमाग जातां जातां मला आपल्या मराठी अक्षरांचाच एक इतिहास सांपडला.

प्रथम घरची हकीकत सांगतों. १९९८ सालीं आमच्या शाळेनें एक स्मरणिका काढावयाचें ठरविलें. त्या निमित्तानें मी दोन उन्हाळे गांवांत आणि रामलिंगाच्या डोंगराच्या आसपासच्या वस्त्यांवर हिंडलों. म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या. निजामी राजवटीचे अखेरचे दिवस आणि १९४८ च्या सप्टेंबरांतील पोलीस कारवाई ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती, त्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतल्या. छापखान्यांतल्या संगणकावर या साऱ्या मजकुराची अक्षरजुळणी झाली. पण वर्गणी अपुरी पडली, म्हणून निम्माच मजकूर छापला गेला आणि उरलेला तबकडीवर राहिला. माझ्या वह्यांना पुढें वाळवी लागली. बारा वर्षांनीं ती तबकडी नव्या संगणकावर उघडली, तेव्हां पडद्यावर मराठीचें एक अक्षर दिसेना. नुसते रोमन अक्षरांचे आणि टिंबांचे ढीग. ज्या कंपनीचे टंक वापरून मजकूर जुळविला होता, तिनें ती जुनी आवृत्ति विकणें केव्हांच बंद केलें होतें. आणि ती चालविण्यासाठीं अंगठ्याएवढें जें कुलूप यंत्राला लावावें लागे, तें छापखान्यांतून हरवलें होतें. कंपनीचें नांव घेण्याचें कारण नाहीं. त्या काळीं सगळ्यांची रीत तीच होती. दुःख एवढेंच कीं, ज्यांनीं त्या आठवणी सांगितल्या त्यांपैकीं तोंवर एकहि जण हयात नव्हता.

ही रीत समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें मुंबईस खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. शिशाचा खिळा एकदां विकत घेतला कीं तो छापखानदाराचा होई. झिजला तर वितळवावा, मोडला तर दुसरा ओतून घ्यावा. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, पुस्तक वाचणाऱ्याजवळ खिळे असण्याची गरज नव्हती. कागदावर शाई उमटली कीं खिळ्याचें आणि वाचकाचें नातें संपलें. संगणकाच्या टंकाचें, ज्याला आतां सर्वजण फाँट म्हणतात त्याचें, तसें नाहीं. यंत्राच्या पोटांत 'क' साठवला जात नाहीं. साठवला जातो तो एक आंकडा. अमुक आंकडा म्हणजे 'क', कीं अर्धा 'क', कीं नुसती वेलांटी, हें पूर्वीं ज्या त्या कंपनीनें आपापल्या मनाप्रमाणें ठरविलेलें असे. त्यामुळें वाचणाऱ्याच्या यंत्रांतहि त्याच कंपनीचा टंक असल्यावांचून मजकूर वाचतांच येत नसे. भारत सरकारनें १९९१ मध्यें इस्की नांवाचें एक प्रमाण ठरवून दिलें होतें, आणि त्याच वर्षीं जगांतल्या सर्व लिपींना एकत्र आणणाऱ्या युनिकोडचीहि पहिली आवृत्ति निघाली. परंतु छापखान्यांच्या व्यवहारांत तें मुरावयास पुढें बरींच वर्षें गेलीं.

आम्हां येडशीकरांस या अडचणीसाठीं दूरचा दृष्टांत शोधावा लागत नाहीं. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी कुर्डुवाडीहून निघून बार्शी-येडशीवरून १९११ मध्यें लातुरास पोंचली. कुर्डुवाडीस मोठ्या रुळांची गाडी मिळे. पण छोट्या वाघिणींतला माल उतरवून मोठ्या वाघिणींत चढविल्यावांचून पुढें जात नसे. प्रत्येक पोतें, प्रत्येक गांठोडें हमालाच्या पाठीवरून जावें लागे. आमच्याकडचे रूळ रुंद होऊन कुर्डुवाडीपर्यंतची वाट सरळ व्हावयास २००८ साल उजाडलें. मराठी मजकुराचें तेंच झालें होतें. प्रत्येक कंपनीचे रूळ निराळे, आणि कुर्डुवाडीचे हमाल मात्र कोठेंच नाहींत.

आतां त्या अटीचा जन्म कसा झाला तें पाहूं. त्यासाठीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत जावें लागेल. तेथें रिचर्ड स्टॉलमन नांवाचे गृहस्थ आज्ञावल्या लिहिण्याचें काम करीत असत. आज्ञावली म्हणजे यंत्रानें काय काय करावें हें क्रमानें सांगणारा लेख. माणसाला वाचतां येईल अशा रूपांत तो असतो तेव्हां त्याला मूळ संहिता म्हणूं. यंत्रासाठीं त्याचें जें आंकड्यांचें रूप करतात, तें माणसास उलगडत नाहीं. १९८० च्या सुमारास त्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचें एक नवें छपाईयंत्र आलें. कागद अडकला कीं सर्वांस आपोआप वर्दी जावी, एवढी सोय त्याला करावयाची होती. जुन्या यंत्राला ती स्टॉलमन यांनीं स्वतः केली होती. नव्याची मूळ संहिता मात्र मिळेना. ज्याच्यापाशीं ती होती त्यानें, कोणास देणार नाहीं असें लिहून दिलें आहे, या कारणास्तव नकार दिला.

ही छपाईयंत्राची गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सांगतात. माझ्या मतें दुसरी जास्त महत्त्वाची आहे. सिंबॉलिक्स नांवाच्या कंपनीनें स्टॉलमन यांच्यापाशीं त्यांची लिस्प भाषेची आज्ञावली मागितली, आणि त्यांनीं ती सार्वजनिक म्हणून, कसलाहि करार न करतां, देऊन टाकली. कंपनीनें तींत भर घातली. ती भर पाहावयास मिळावी असें स्टॉलमन म्हणाले, तेव्हां कंपनीनें साफ नाहीं म्हटलें. ज्यानें पीठ दिलें त्यालाच पोळी दाखवावयाची नाहीं, असा हा प्रकार! नुसतें मोकळें सोडून भागत नाहीं, हें त्यांस तेथें उमगलें. १९८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली, आणि १९८९ च्या फेब्रुवारींत जनरल पब्लिक लायसेन्स या परवान्याची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. जीपीएल या आद्याक्षरांनीं तो ओळखला जातो. त्यांतली युक्ति वकिली आहे. स्वामित्वहक्काचा कायदा मोडावयाचा नाहीं. त्याच्याच खांद्यावर उभें राहावयाचें. वस्तु माझी, म्हणून ती कशी वापरावी हें ठरविण्याचा हक्क माझा. आणि मी असें ठरवितों कीं, ती सर्वांनीं वापरावी, बदलावी, वाटावी, मात्र वाटतांना मूळ संहितेसह आणि याच अटीवर वाटावी. इंग्रजींत राइट म्हणजे हक्कहि आणि उजवाहि. म्हणून थट्टेनें याला डावें नांव दिलें.

गांवांत लग्नकार्यासाठीं सार्वजनिक भांडीं असतात. समजा, गांवानें असा नियम केला कीं, त्यांतल्या एखाद्या पातेल्याला ज्यानें नवें कडें बसविलें आणि तें दुसऱ्यास दिलें, त्यानें तें पातेलें कड्यासकट गांवच्याच भांड्यांत धरावें. स्वतःच्या चुलीवर तें कडें लावून वापरलें तर कोणी विचारावयास येणार नाहीं. दुसऱ्याच्या हातीं दिलें कीं नियम लागू. जीपीएलचें असेंच आहे. पैसे घेऊं नयेत असेंहि तो परवाना म्हणत नाहीं. याविषयीं सुशिक्षितांतहि मोठा गैरसमज आहे. विकण्यास मनाई नाहीं, विकतांना कुलूप लावण्यास आहे.

प्रारंभीं कंपन्यांनीं काय केलें? जें अपेक्षित होतें तेंच. स्टीव्ह जॉब्झ यांच्या नेक्स्ट कंपनीनें ग्नूच्या जीसीसी या आज्ञावलीला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड तयार केली. ती जोड आंकड्यांच्या बंद रूपांत द्यावी, आणि जीसीसीशीं ती जोडण्याचें काम ग्राहकानेंच घरीं करावें, म्हणजे आपण नियम मोडला असें होत नाहीं, असा त्यांचा बेत होता. स्टॉलमन यांनीं वकिलाचा सल्ला घेऊन त्यास नकार दिला, आणि नेक्स्टला ती जोड मोकळी करावी लागली. २००३ मध्यें लिंकसिस कंपनीच्या घरगुती जाळें जोडणाऱ्या एका पेटींत जीपीएलखालची लिनक्स प्रणाली असल्याचें लोकांनीं शोधून काढलें, आणि कंपनीस संहिता प्रसिद्ध करावी लागली. त्यांतूनच पुढें ओपनडब्ल्यूआरटी हा मोठा सार्वजनिक प्रकल्प उभा राहिला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनीं २००१ मध्यें लिनक्सची तुलना कर्करोगाशीं केली होती. २००९ च्या जुलैंत त्याच कंपनीनें लिनक्सला सुमारें वीस हजार ओळींची संहिता जीपीएलखालीं दिली. तीहि निव्वळ औदार्यानें दिली नव्हती. त्या कामांत जीपीएलचे कांहीं भाग बंद भागांशीं जोडले गेल्याचें बाहेरच्या एका जाणकारानें दाखवून दिलें होतें.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं, ही अट म्हणजे चोराच्या हातून माल सोडविणारा फौजदार. आपखुशीनें ती कोण पत्करील? परंतु इतिहास येथें थांबत नाहीं. फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें लिनक्सचें काम आरंभिलें आणि १९९२ मध्यें तें जीपीएलखालीं आणलें. आयबीएम कंपनीनें २००१ या एका वर्षांत लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करण्याचें जाहीर केलें. त्याच सुमारास बीएसडी नांवाची, अशी कोणतीहि अट नसलेली दुसरी चांगली प्रणाली उपलब्ध होती. ती घेऊन कंपन्यांनीं आपापले बंद माल तयार केले. एकत्र येऊन तिच्यांत भर घालण्यास मात्र त्या मानानें कमी पुढें आल्या. मला याचा उलगडा असा होतो. आयबीएमनें उद्यां शंभर माणसें बसवून एक सुधारणा केली आणि ती मोकळी सोडली, तर प्रतिस्पर्धी ती घेऊन, तिच्यावर आणखी दोन सुधारणा चढवून कुलूप लावील, ही भीति. अटीमुळें ती भीति राहत नाहीं. प्रतिस्पर्ध्याच्या दोन सुधारणाहि आपल्या हातीं येणार. जी अट देणाऱ्यास बांधते असें वाटतें, ती त्याच्या शेजाऱ्यासहि बांधते; आणि व्यापाऱ्यास स्वतःच्या बंधनापेक्षां शेजाऱ्याच्या मोकळेपणाची काळजी अधिक असते. सामाईक बांधावर दोन भाऊ कसे वागतात हें ज्यानें खेड्यांत पाहिलें आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको.

आतां हेंच आपल्या अक्षरांच्या बाबतींत पाहूं. २००१ मध्यें भारतांत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची शाखा निघाली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील डॉ. जी. नागार्जुन यांनीं तिची धुरा पुष्कळ वर्षें वाहिली. त्या काळांत लिनक्सवर मराठी दिसणेंच दुरापास्त होतें. मुंबईस प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटानें गार्गी हा देवनागरी टंक जीपीएलखालीं लोकांस दिला. ते प्राध्यापक आणि विद्यार्थी. त्यांचें एक वेळ समजतें. पण आकृति या नांवानें भारतीय भाषांचे टंक विकून ज्यांचें पोट चालत होतें, त्या सायबरस्केप मल्टिमीडिया कंपनीनेंहि देवनागरी, गुजराती, तेलुगु, तमिळ, मलयाळम, कन्नड, बंगाली, उडिया आणि गुरुमुखी अशा नऊ लिपींच्या टंकांचा एक संच जीपीएलखालींच मोकळा केला. आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या, श्रीलिपि घडविणाऱ्या कंपनीचे टंक रेड हॅट या लिनक्सवर चालणाऱ्या अमेरिकन कंपनीनें २००४ मध्यें लोहित या नांवानें जीपीएलखालीं प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटची तांबडी टोपी आपल्या नांवांत अशी आली. रेड हॅटचें मोठें कार्यालय पुण्यांतच असल्यामुळें लोहितची पुढली मशागतहि तेथील पगारी माणसांनीं केली.

या कंपन्यांनीं आपलें सारें दुकान उघडें टाकलें नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. विकावयाचे सुबक टंक त्यांनीं विकावयासच ठेवले. मोकळे केले ते थोडे. पण जे दिले ते अटीसकट दिले, म्हणून प्रतिस्पर्धी दुकानदारास ते उचलून, चार अक्षरें घासूनपुसून, आपल्या कुलपांत घालतां येईनात. अट नसती तर ते दिले असते कीं नाहीं, याची मला शंका आहे.

आणि त्या मोकळेपणाचा उपयोग काय झाला, तो पाहा. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून निराळा. मराठीला 'वऱ्हाड', 'तऱ्हा', 'सुऱ्या' या शब्दांतला जो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' लागतो, तो हिंदीस लागतच नाहीं. बाजारांतले कित्येक देवनागरी टंक हिंदीसाठीं घडलेले, त्यामुळें मराठी मुलांच्या क्रमिक पुस्तकांतसुद्धां परका 'ल' येऊन बसे. शाळेंत मी तो मुलांच्या वहींत खोडून काढी आणि छापील पुस्तकांत मात्र तोच दिसे, तेव्हां माझी मोठी पंचाईत होई. बंद टंकांत आपण काय बदलणार? लोहित उघडा होता, म्हणून त्यांतूनच लोहित मराठी असा वेगळा टंक काढतां आला.

मात्र ही अट टंकांना जशीच्या तशी मानवेना, हेंहि सांगितलें पाहिजे. जीपीएल लिहिला गेला तो आज्ञावल्यांसाठीं. टंक हा मजकुराबरोबर कागदपत्रांत गुंडाळून पाठवावा लागतो. अक्षरशः अर्थ करावयाचा तर ज्या अर्जांत किंवा पुस्तकांत तो टंक गुंडाळला, तें सारें पुस्तकहि अटीखालीं येतें काय, असा प्रश्न उभा राहिला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें त्यावर एक अपवाद सुचविला. एसआयएल या भाषासंस्थेनें अधिक नेटकें केलें: टंकांसाठींच ओपन फाँट लायसेन्स नांवाचा परवाना लिहिला, ज्याची आजची आवृत्ति २००७ च्या फेब्रुवारींतली आहे. त्यानें मजकुराला अटींतून वगळलें, दुसऱ्या मालाबरोबर टंक विकण्यास मुभा दिली, सुटा टंक विकण्यास मनाई केली. आणि गाभा तोच ठेवला, कीं टंकांत बदल करून जो नवा टंक निघेल तोहि याच परवान्याखालीं राहील. सप्टेंबर २०११ मध्यें लोहितहि या परवान्याखालीं आला.

ही गांठ नेमकी तेवढीच सैल केल्यावर दार अधिक उघडलें. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्त आणि बलू, मुंबईच्या आय.आय.टी.चा शोभिका, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, हे सारे याच परवान्याखालीं आले. गूगलसारख्या बलाढ्य कंपनीनें आपल्या टंकसंग्रहासाठीं भारतीय लिपींच्या कामांत पैसा घातला. ती धर्मादाय संस्था नाहीं. मराठी लोक जितकें जास्त मराठींत लिहितील, तितका तिचा धंदा वाढतो. टंक हें तिचें दुकान नसून दुकानापर्यंतचा रस्ता आहे. ज्याला रस्ता हवा असतो तो रस्त्याला दार बसवीत नाहीं.

टंकांखेरीज दुसरें उदाहरण मुंबईचेंच आहे, आणि तें मला फार आवडतें. रुषभ मेहता यांच्या घरचा लांकडी सामान बनविण्याचा कारखाना होता. त्याचा हिशेब, माल, ऑर्डरी संगणकावर घेण्याचा प्रयत्न फसला. तेव्हां त्यांनीं स्वतःच ती आज्ञावली लिहावयास घेतली. तिचें नांव ईआरपीनेक्स्ट. ती त्यांनीं जीपीएलखालीं जगाला दिली, आणि तिच्या खालचा पाया, फ्रॅपे नांवाचा, जवळजवळ बिनअटीच्या एमआयटी परवान्याखालीं. हा भेद विचार करण्यासारखा आहे. पायावर कोणीहि आपलें घर बांधावें, बंद बांधलें तरी हरकत नाहीं. पण जें घर आम्ही स्वतः उभें केलें, त्याची प्रत काढून तिला कुलूप लावूं नये. देशोदेशींच्या लहान कंपन्या ती आज्ञावली गिऱ्हाइकांस बसवून देतात, शिकवितात, तिच्यांत भर घालतात आणि त्यावर पैसा मिळवितात.

विरुद्ध बाजू मीं लपवून ठेवूं नये. २००७ मध्यें जीपीएलची तिसरी, अधिक कडक आवृत्ति निघाल्यावर ॲपलनें हळूहळू जीसीसी सोडली आणि एलएलव्हीएम या बिनअटीच्या प्रकल्पास भरभरून साहाय्य केलें. अट नसली तर कंपन्या देतच नाहींत, असें म्हणणाऱ्यांस हें उत्तर आहे. यंत्र आपल्याच घरीं ठेवून दुरून सेवा पुरविणाऱ्यासहि जी अट बांधते, ती एजीपीएल. गूगलनें ती आपल्या अंगणांत येऊंच द्यावयाची नाहीं असें ठरविलें आहे. उलट बिनअटीचा मार्गहि निष्कंटक नाहीं. रेडिस ही आज्ञावली बिनअटीच्या परवान्याखालीं होती. मोठमोठ्या कंपन्या तिच्यावर सेवा विकून पैसा मिळवीत आहेत आणि आपल्या वांट्यास कांहीं येत नाहीं, म्हणून मालकानें मार्च २०२४ मध्यें ती आवळून धरली. लगेच त्या कंपन्यांनीं तिची जुनी प्रत घेऊन व्हॅल्की नांवाचा वेगळा संसार थाटला. मे २०२५ मध्यें रेडिस परत मोकळी झाली, ती एजीपीएल या कडक अटीसह. आणि ज्या रेड हॅटनें लोहित दिला, त्याच रेड हॅटनें, २०१९ मध्यें आयबीएमनें तिला चौतीस अब्ज डॉलरांस विकत घेतल्यानंतर, जून २०२३ मध्यें आपल्या मुख्य प्रणालीची पूर्ण संहिता सर्वांसाठीं मांडणें थांबविलें आणि ती ग्राहकांपुरती ठेवली. अटीचें अक्षर पाहिलें तर माल ज्याला दिला त्यालाच संहिता देणें पुरतें. भाव पाहिला तर, मला तरी तें आवडलें नाहीं.

माझ्या तबकडीचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. तो एका दिवाळीस गांवीं आला असतां मीं ते टिंबांचे ढीग त्यास दाखविले. तो म्हणाला, "गुरुजी, निम्मी स्मरणिका छापलेली आहे ना? मग किल्ली आपल्यापाशींच आहे." छापील पान आणि पडद्यावरचा कचरा शेजारीं शेजारीं ठेवून कोणत्या खुणेला कोणतें अक्षर, याचा तक्ता मीं करावयाचा, आणि आज्ञावली त्यानें लिहावयाची, असें ठरलें. दोन महिने मी तेंच काम केलें. ऱ्हस्व वेलांटी जुन्या टंकांत अक्षराच्या आधीं येई, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडांत दोन्ही उलट. दीडशेंहून अधिक खुणा झाल्या. अखेरीस एका रात्रीं पडद्यावर एका म्हातारीची आठवण सबंध उमटली. ती मीं दोनदां वाचली आणि मग चहा टाकावयास उठलों.

ही आज्ञावली सर्वांना फुकट देऊन टाकावी, असें मी म्हणालों. विद्यार्थ्यानें ती जीपीएलखालीं ठेवण्याचा आग्रह धरला. "गुरुजी, ज्या रीतीनें आपली तबकडी अडकली, त्याच रीतीनें उद्यां ही आज्ञावली कोणी अडकविली तर?" मला त्यावर उत्तर देतां आलें नाहीं. वर्षभरानें जवळच्या तालुक्याच्या गांवचे एक छापखानदार ती घेऊन गेले. त्यांच्यापाशीं पोथ्यांचा आणि पंचांगांचा जुना मजकूर पडून होता. तो सोडवून झाल्यावर तीच आज्ञावली सुधारून इतर छापखान्यांस विकावी, असें त्यांच्या मनांत आलें. अट कळली तेव्हां ते रागावले. "मास्तर, माझी मेहनत मी कां वाटूं?" असें त्यांनीं मला बाजारांत उभें करून विचारलें, आणि नवी आज्ञावली स्वतः लिहवून घेतों म्हणून गेले. तिचा खर्च ऐकून परत आले. आम्हां दोघांना न सांपडलेलीं त्रेचाळीस जोडाक्षरें त्यांनीं दिलीं; पोथ्यांतलीं 'ङ्म', 'ह्ल', 'क्ष्म' हीं आमच्या गांवच्या ओव्यांत येणार तरी कोठून? त्यांची तबकडी विकली जाते असें ऐकतों, आणि तिच्याबरोबर मूळ संहिताहि जाते.

स्मरणिकेचा उरलेला निम्मा भाग मुक्त टंकांत छापून मागल्या वर्षीं निघाला. एका ओवींत एक शब्द तबकडीवरच खराब झाला होता. तो तक्त्यानें सुटला नाहीं आणि पोथीच्या जोडाक्षरांनींहि सुटला नाहीं. ज्या बाईनें ती ओवी म्हटली तिच्या लेकीसुनांनाहि आठवेना. तेथें मीं प्रश्नचिन्ह ठेवलें आहे.